कोणती पिसू? : परळमधील एका नामनिश्चितीचा इतिहास

प्लेगच्या काळाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यातील बरेचसे पुण्याकडे तोंड करून लिहिलेले आहे. १८९७ म्हटले की रँड, गोऱ्या शिपायांच्या झडत्या, गणेशखिंडीचा रस्ता, २२ जूनची रात्र आणि चाफेकर बंधू ही मालिका डोळ्यांपुढून आपोआप सरकू लागते. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, हे अलीकडे आपण अधिक आवर्जून आठवू लागलो आहोत. या सर्व कथनांत माणसे आहेत, सरकार आहे, अपमान आहे, सूड आहे. रोग मात्र पार्श्वभूमीसारखा असतो. तो कोठून आला आणि एका घरातून दुसऱ्या घरात कसा गेला, हा प्रश्न त्या कथनांना फारसा पडत नाही. आम्हांला येथे तोच काळ परळच्या बाजूने पाहायचा आहे. या बाजूच्या कथेच्या केंद्रस्थानी दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, पंख नसलेला एक कीटक आहे, आणि कथा आहे ती त्याची ओळख पटवण्याची.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की ज्यांनी पाठचिकित्सेचे काम थोडे जरी केले आहे त्यांना हे फंद परके वाटू नयेत. दोन पोथ्या एकाच ग्रंथाच्या आहेत असे वरवर दिसते. कोणीतरी एक काना, एक अनुस्वार, एक गळालेली ओवी पाहतो आणि दोन परंपरा वेगळ्या होतात. कीटकांच्या नामनिश्चितीत काना-मात्रेची जागा केसांनी घेतलेली असते. केस डोळ्याच्या पुढे आहे की खाली, एवढ्यावर जात बदलते. फरक इतकाच की पोथीतला पाठ चुकला तर अर्थ बिघडतो. येथे पाठ चुकला तेव्हा माणसे मरत होती.

प्रथम जागा. परळला आचार्य दोंदे मार्गावर के. ई. एम. आणि टाटा रुग्णालयाच्या शेजारात हाफकिन संस्थेची जुनी इमारत उभी आहे. पोर्तुगीज काळात तेथे ख्रिस्ती धर्मसंघाचे मठ व चर्च होते. अठराव्या शतकात ते इंग्रजांनी ताब्यात घेतले आणि पुढे तेच मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाले. दरबार दालन, मेजवान्या, बागबगीचा असा सारा थाट तेथे शंभराहून अधिक वर्षे चालला. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी त्याच घरात कॉलऱ्याने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटकडे गेला. एका साथीने रिकामा केलेला वाडा दुसऱ्या साथीने भरला. १० ऑगस्ट १८९९ रोजी वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा येथे सुरू झाली. तिचे नाव १९०६ मध्ये बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले आणि १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट.

हाफकिन यांची कीर्ती लसीची आहे आणि ती रास्त आहे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, ही गोष्ट शाळेतील पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. परंतु लस हे 'रोगापासून कसे वाचावे' या प्रश्नाचे उत्तर होते. 'रोग येतो कसा' या प्रश्नाचे उत्तर त्याच आवारात, पण निराळ्या लोकांनी, निराळ्या रीतीने शोधले. त्याला लसीएवढा वाचकवर्ग कधी मिळाला नाही.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवी भागात रोग ओळखला तेव्हा त्याचा जंतू ठाऊक झालेला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो पाहिला होता. उंदरांचा आणि प्लेगचा काही संबंध आहे हेही नवे नव्हते. 'घरात उंदीर पडला' हे वाक्य त्या काळी आपल्या खेड्यांत पुरेसे स्पष्ट असे. ऐकणारा पुढचे वाक्य न ऐकताच गाठोडे बांधी आणि गावाबाहेर रानात झोपडी घाली. अडचण मधल्या दुव्याची होती. मेलेल्या उंदरातून रोग माणसात शिरतो कसा? जमिनीतून, धुळीतून, धान्यातून, अनवाणी पायांच्या भेगांतून, श्वासातून अशा अनेक कल्पना होत्या, आणि सरकारचे सारे उपाय त्या कल्पनांवर उभे होते. म्हणून जमिनी औषधाने धुतल्या जात, कपडे जाळले जात, आगगाडीतून उतरणाऱ्यांच्या काखा तपासल्या जात. लोकांचा संताप ज्या गोष्टींवर होता, त्यांतील पुष्कळशा एका चुकीच्या उत्तरातून निघालेल्या होत्या. रँड यांचा उद्दामपणा त्यामुळे क्षम्य ठरत नाही. पण झडती घेणारा हात काय शोधत होता हे त्या हातालाही ठाऊक नव्हते, एवढे तरी या बाजूने दिसते.

खरे उत्तर प्रथम सुचले ते पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना. १८९७ मध्ये पाश्चर संस्थेकडून ते मुंबईस आले. काही रुग्णांच्या अंगावर त्यांना एक बारीक फोड दिसला. त्यातील द्रवात प्लेगचे जंतू होते आणि तो फोड पिसू चावल्याच्या जागी उठल्यासारखा होता. २ जून १८९८ रोजी कराचीतील एका हॉटेलात त्यांनी आपला प्रयोग केला. काचेच्या बरणीत प्लेगने आजारी उंदीर, त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होऊ शकणार नाही, पण पिसवा जाळीतून जाऊ शकतील अशी योजना. निरोगी उंदीर काही दिवसांत प्लेगने मेला. एक तपशील मात्र आम्हांला विशेष वाटतो. प्रयोगाला पिसवा कमी पडू नयेत म्हणून सीमाँ यांनी हॉटेलात हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा घेऊन त्या बरणीत सोडल्या होत्या. म्हणजे या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोगात, प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने, पिसू म्हणजे पिसू होती. मांजराची की उंदराची, हा भेद त्याला आवश्यक वाटला नाही.

मराठीलाही तो कधी आवश्यक वाटला नव्हता. उंदरांच्या बाबतीत आपण बऱ्यापैकी काटेकोर आहोत. उंदीर, घूस, चिचुंद्री यांत कोणी गोंधळ करीत नाही. मुंगी, मुंगळा आणि डोंगळा हेही वेगळे ठेवतो. पिसू मात्र एकच. कुत्र्याची, मांजराची, माणसाची, सर्वांची तीच. इंग्रजीचेही याहून वेगळे नाही.

सीमाँ यांचे मत मान्य झाले नाही. १८९८-९९ मध्ये भारत सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने ते बाजूला सारले. युरोपातून आलेला आक्षेप तर अधिक बोचरा होता, कारण तो निरीक्षणावर आधारलेला होता. उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावतच नाही, असे ब्रूनो गाली-व्हालेरिओ यांनी स्वित्झर्लंडमधून सांगितले. पिसू जर चावतच नसेल तर ती रोग आणील कशी? मुद्दा बिनतोड दिसतो. आणि त्यांनी पाहिलेल्या पिसवांपुरता तो चुकीचाही नव्हता. युरोपातील उंदरांवर बहुतांशी दुसरी पिसू असते, जिला तेव्हा सेराटोफिलस फॅसिएटस म्हणत. तिला माणसाचे रक्त फारसे रुचत नाही. मुंबईच्या उंदरांवर ती जवळजवळ नव्हतीच. येथे जी होती ती उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की उतरून जवळच्या उबदार अंगावर चढे, मग ते अंग माणसाचे का असेना. दोन्ही बाजू 'उंदराची पिसू' हा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या प्राण्यांविषयी बोलत होत्या. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा येथे आहे. वाद प्रयोगाचा नव्हता, नावाचा होता. आणि वाद चालू असताना या नावाचा अर्धा भाग, म्हणजे मुंबईच्या पिसूचे नाव, कोणत्याही पुस्तकात छापलेलेच नव्हते.

आता ते केस. पिसू दोन बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते, म्हणून तिचे वाचन नेहमी कुशीवर पाडून करतात. प्रथम तिला कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून आतील मऊ भाग विरघळवून टाकायचे, म्हणजे पिवळसर पारदर्शक कवच उरते. मग ते काचपट्टीवर कॅनडा बाल्सममध्ये बसवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली पहिला प्रश्न असा: कंगवा आहे का? मांजराच्या पिसूला गालाखाली एक आणि मानेमागे एक, असे काळ्या दातऱ्यांचे दोन कंगवे असतात. युरोपातील उंदरांच्या त्या पिसूला फक्त मानेमागचा असतो. माणसाच्या पिसूला, म्हणजे पुलेक्स इरिटन्सला, एकही नसतो, आणि मुंबईच्या उंदरांच्या पिसूलाही नसतो. घोळ येथे होतो, कारण या शेवटच्या दोघी प्रथमदर्शनी सारख्याच दिसतात. त्यांना वेगळे करायचे तर डोळ्याजवळचा एक केस पाहावा लागतो. माणसाच्या पिसूत तो डोळ्याच्या खाली असतो, उंदराच्या पिसूत डोळ्याच्या पुढे. शिवाय दुसरीच्या छातीच्या मधल्या खंडाच्या बाजूवर एक उभी, दांडीसारखी जाड रेघ दिसते. पहिलीत ती नसते. एकदा दिसली की ती रेघ पुन्हा नजरेतून सुटत नाही, असे हे काम करणारे सांगतात.

या पिसूला नाव मिळाले ते मुंबईत नव्हे. १९०१ मध्ये चार्ल्स रॉथशील्ड हे लंडनच्या पेढीवाल्या घराण्यातील गृहस्थ सुदानात नाईलकाठी शेंदी येथे गेले होते. पिसवा जमवणे हा त्यांचा छंद होता, आणि छंदाच्या बळावर ते त्या विषयातील जगातले पहिले जाणकार झाले. तेथे मिळालेल्या एका पिसूचे वर्णन त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले आणि पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या ग्रीक नावावरून तिला पुलेक्स किओपिस म्हटले. त्याच सुमारास निरनिराळ्या बंदरांतील डॉक्टर तोच कीटक पाहून निरनिराळी नावे देत होते. सिडनीत फ्रँक टिड्सवेल यांनी तिला पुलेक्स पॅलिडस समजून नोंदले. इटलीत टिराबोस्की यांनी १९०४ मध्ये पुलेक्स म्युरिनस असे नवे नाव दिले, आणि त्याच वर्षी मॅनिलात हर्झोग यांनी पुलेक्स फिलिपिनेन्सिस. जहाजांतून धान्याबरोबर जगभर फिरलेली एकच पिसू प्रत्येक बंदरात स्थानिक म्हणून नोंदली गेली. ही सारी नावे पुढे किओपिसच्या पोटात गेली, कारण नामकरणाचा नियम आधी छापणाऱ्याच्या बाजूचा असतो.

नंतर वंशाचे नावही बदलले. १९०८ मध्ये कार्ल जॉर्डन व रॉथशील्ड यांनी या गटाला लोइमॉप्सिला असा स्वतंत्र वंश दिला. ग्रीकमध्ये लोइमॉस म्हणजे महामारी. महामारीची पिसू! इतके अन्वर्थक नाव क्वचितच मिळते. परंतु त्याच्या आदल्या वर्षीच ग्लिंकिएविच यांनी या गटातील एका पिसूसाठी झेनॉप्सिला हे नाव छापून ठेवलेले होते. झेनॉस म्हणजे परका. एका वर्षाच्या फरकाने महामारी हरली आणि परकेपणा जिंकला. आज जगभर ती झेनॉप्सिला किओपिस याच नावाने ओळखली जाते.

येथे थोडे विषयांतर करून मुंग्यांकडे वळतो, कारण मुंबईत कीटकांची नावे कशी ठरत हे त्यावरून कळते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात रॉटन या वनाधिकाऱ्यांनी १८९२ मध्ये आपल्याकडच्या मुंग्यांवर एक लेख लिहिला. पुण्याला त्यांनी पकडलेली एक बारीक मुंगी स्वित्झर्लंडमध्ये ऑगस्ट फोरेल यांच्याकडे गेली होती. तिचा नर पंखहीन, कामकरी मुंगीसारखा दिसणारा. फोरेल यांनी १८९० मध्ये तिच्यासाठी एमेरिया हा नवा वंशच निर्माण केला आणि जातीला रॉटन यांचे नाव दिले. पुढे लक्षात आले की कार्डिओकाँडिला या जुन्याच वंशातील ही मुंगी आहे, फक्त तिच्या नरांत ही विचित्र सवय आहे. पुण्यात पकडायचे, युरोपात नाव ठेवायचे, आणि चूक उमगेपर्यंत वर्षे जायची, अशी ही वाट होती. मुंगीच्या बाबतीत त्याने कोणाचे काही बिघडले नाही. परंतु त्याच नियतकालिकात १९०५ मध्ये दुसरा एक लेख आला, आणि तो वाचताना ही फुरसत अंगावर येते. लेखाचा विषय प्लेग, उंदीर आणि पिसवा. लेखक परळच्या प्रयोगशाळेतील कॅप्टन ग्लेन लिस्टन.

लिस्टन यांच्या लेखातील एका चाळीची हकीकत आम्हांला कोणत्याही कथेइतकी परिणामकारक वाटते. ६ एप्रिलपासून त्या चाळीत उंदीर मोठ्या संख्येने मरू लागले. मग मरणे एकाएकी थांबले. ११ तारखेपासून बिऱ्हाडकरूंना पिसवांचा उपद्रव होऊ लागला. तो इतका वाढला की लोक खोल्या सोडून बाहेर व्हरांड्यात निजू लागले. १७ तारखेला तेथेच, व्हरांड्यात निजणाऱ्यांपैकी एकाला प्लेग झाला, आणि त्याच दिवशी शेजारच्या खोलीतील दुसऱ्याला. लिस्टन यांनी तेथील लोकांकडून अंगावरच्या पिसवा पकडवून घेतल्या. एकंदर ३० निघाल्या; त्यांतील १४ उंदरांच्या होत्या. एरवी, साथ नसताना, माणसांच्या अंगावरून पकडलेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू त्यांना एकच सापडली होती. व्हिक्टोरिया बागेतील गिनीपिग प्लेगने मेले तेव्हा त्यांच्या अंगावरही त्यांना उंदरांच्याच पिसवा मिळाल्या.

या आकड्यांचे बळ कशात आहे ते पाहण्याजोगे आहे. 'पिसवा वाढल्या' एवढेच म्हटले असते तर कोणीही उत्तर दिले असते की उन्हाळ्यात वाढतातच. ३० पैकी १४ हे वाक्य लिहिता येते ते प्रत्येक पिसू कुशीवर पाडून तिच्या डोळ्याजवळचा केस पाहिल्यावरच. आणि त्या तीस पिसवा पकडल्या कोणी? व्हरांड्यात निजणाऱ्या, रोगाच्या भीतीने अर्धमेल्या झालेल्या बिऱ्हाडकरूंनी. आपल्याच अंगावरची पिसू चिरडून टाकण्याऐवजी ती चिमटीत धरून डॉक्टरांसाठी राखून ठेवणे हे सोपे काम नव्हे. त्यांची नावे लेखात नाहीत.

१९०५ मध्येच लंडनहून नवे मंडळ आले. रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस यांनी मिळून नेमलेल्या या मंडळाच्या उभारणीसाठी चार्ल्स मार्टिन स्वतः आले. लॅम्ब, लिस्टन, पेट्री, रोलंड ही मंडळी कामाला लागली आणि त्यांचे ठाणे परळचा तोच जुना वाडा. आवारात त्यांनी सहा लहान खोल्या बांधल्या. अहवालांत त्यांना गोदामे म्हटले आहे. छपरे मुद्दाम निरनिराळी ठेवली होती: काहींवर देशी कौले, काहींवर मंगळूरची सपाट कौले, काहींवर पत्रा. देशी कौलांखाली उंदीर सुखाने राहतो, पत्र्याखाली राहत नाही. मुंबईतल्या घरांचे हे बारीक ज्ञान प्रयोगाच्या रचनेतच घातलेले होते. त्या खोल्यांत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडले. पिसवा नसतील तर निरोगी प्राणी आजाऱ्यांच्या मलमूत्रात वावरूनही जगत. पिसवा असतील तर मरत, आणि जितक्या पिसवा अधिक तितक्या लवकर. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला गिनीपिग मरे, दोन फुटांवरचा वाचे, कारण ही पिसू चार इंचांच्या आसपासच उडी मारू शकते. बारीक जाळीने वेढलेल्या पिंजऱ्यातला वाचे, शेजारचा उघडा मरे. माती, धूळ, हवा, अनवाणी पाय हे सारे आरोपी एकेक करून सुटले.

याच मंडळाने मुंबई बेटावरील शीव, वडाळा, परळ आणि वरळी या चार गावांची घरोघर पाहणी केली. परळ हे तेव्हा अहवालांत 'गाव' आहे. आज गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांकडे पाहणाऱ्याला ते वाचताना थबकायला होते. शहरात एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. गटारांत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत साथ आधी येते, तेथून ती घरांत राहणाऱ्या काळ्या उंदरांत शिरते, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत-बाहेर माणसांत, हा क्रम या कामातून स्पष्ट झाला. १९०६ पासून हे अहवाल 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये येऊ लागले. सीमाँ यांचे म्हणणे खरे ठरले, मांजराच्या पिसवांसकट.

कथा येथे संपली असती तर ती नीटनेटकी झाली असती. परंतु आयोगाने ज्यांना 'किओपिस' म्हणून मोजले, त्या साऱ्या किओपिस होत्या का?

१९११ मध्ये रॉथशील्ड यांनी याच वंशातील आणखी एका पिसूचे वर्णन छापले: झेनॉप्सिला अ‍ॅस्टिया. तिलाही कंगवे नाहीत, तिलाही ती उभी दांडी आहे, डोळ्याचा केसही त्याच जागी. फरक मागच्या टोकाला: नराच्या जननांगाच्या भागांत, आणि मादीच्या पोटातील शुक्रकोशाच्या आकारात. आयोगाच्या लोकांना ही वेगळी ओळखणे शक्यच नव्हते, कारण त्यांच्या काळी ती पुस्तकात नव्हती. उंदरांच्या अंगावर मात्र होती. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, कोलंबोतील फेबियन हर्स्ट यांनी तेथील उंदरांच्या पिसवा नीट पाहिल्या आणि त्या किओपिस नसून अ‍ॅस्टिया असल्याचे दाखवले. मग त्यांनी एक तर्क मांडला. मुंबई प्लेगने उजाड होते आणि मद्रास शहर जवळजवळ सुटते, हे कोडे सर्वांना छळत होते. उंदीर दोन्हीकडे, दाटी दोन्हीकडे, दारिद्र्य दोन्हीकडे. हर्स्ट म्हणाले, पिसू वेगळी आहे. १९१४ मध्ये कोलंबोत प्लेग आला तेव्हा किओपिस त्यांना सापडली ती बाहेरून येणाऱ्या धान्याच्या पेठेच्या आसपास. त्यानंतर फ्रान्सिस क्रॅग यांनी भारतभरातून उंदरांच्या पिसवा जमवल्या आणि १९२०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाहणीत जातींच्या प्रमाणाची प्लेगच्या तीव्रतेशी सांगड घातली.

आयोगाचे निष्कर्ष त्यामुळे खोटे ठरले नाहीत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्या शहरात ते काम झाले तेथे खरी गुन्हेगार भरपूर होती. परंतु एका अचूक उत्तराच्या पोटात एक ढिला शब्द राहू शकतो, आणि ते उत्तर दुसऱ्या शहराला लावू गेल्यावरच त्याचा ढिलेपणा कळतो. गाली-व्हालेरिओ यांनी युरोपची पिसू मुंबईवर लादली. हर्स्ट नसते तर मुंबईची पिसू मद्रासवर लादली गेली असती. पहिली चूक अनेक वर्षांची ठरली, कारण तिच्यामागे युरोपची प्रतिष्ठा होती. दुसरी लवकर सापडली. कोलंबोच्या एका नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने आयोगाचा शब्द प्रमाण न मानता काचपट्टी पुन्हा पाहिली.

तर्क मात्र तर्कच होता. तो प्रयोगाने पारखायला हवा होता, आणि ते काम परत परळला आले. अ‍ॅस्टिया प्लेग पोहोचवते की नाही, आणि किओपिसच्या तुलनेत किती, याविषयीचे प्रयोग १९२३ मध्ये टेलर आणि चित्रे या दोन नावांनी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झाले. १९३० मध्ये याच विषयावर वेब्स्टर आणि चित्रे. निष्कर्ष हर्स्ट यांच्या तर्काहून थोडा करडा होता: अ‍ॅस्टियाही रोग वाहून नेते, पण किओपिसच्या मानाने फार कमी. साहेबांची नावे बदलली, चित्रे तेच राहिले. या इतिहासात इतक्या उशिरा, आणि दुसऱ्या क्रमांकावर, आम्हांला हे एक आपले आडनाव भेटते. चाळीतील बिऱ्हाडकरू, गावोगावचे उंदीर पिशव्यांत भरून परळला आणणारे, गिनीपिग फिरवून पिसवा पकडणारे, पोटॅशमध्ये त्या उकळणारे यांच्या मागून इतक्या वर्षांनी कोणीतरी शीर्षकाखालच्या ओळीत पोहोचले. संस्थेला पहिले भारतीय संचालक, साहिबसिंग सोखी, १९३२ मध्ये मिळाले.

तोवर देशात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली होती.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरू लागले. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात भूकंप झालेला होता. लोकांनी आरोग्य खात्याकडे जी पहिली तक्रार केली ती तापाची नव्हती, गाठींची नव्हती. घरात पिसवा फार झाल्या आहेत, अशी ती तक्रार होती. मग पथके आली, सापळे लावले गेले, उंदरांच्या अंगावरून पिसवा विंचरून काढल्या गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेकीला कुशीवर पाडून त्यांची वाटणी सुरू झाली: ही किओपिस, ही अ‍ॅस्टिया.